वार्षिक मोजणीला कोणतं मॉडेल? लॉजिस्टिक, रिकर आणि बेव्हर्टन-होल्ट

वर्षातून एकदाच मोजणी, आणि जुनी पिढी संपल्यावरच नवी येते: अशा किड्यांच्या किंवा माशांच्या आकड्यांना मॉडेल लावायचं असेल, तर माल्थसची घातांकी वाढ (दर वर्षी ठरावीक पटीने, न थांबता वाढत जाणारी) सोडूनच द्या. खरी निवड गर्दी वाढली की वाढ मंदावते असं मानणाऱ्या तीन मॉडेलांत आहे: टप्प्याटप्प्याचं, म्हणजे वर्षावर्षाने पुढे सरकणारं लॉजिस्टिक, रिकर (१९५४) आणि बेव्हर्टन-होल्ट (१९५७).

मीही सुरुवात लॉजिस्टिकनेच केली. फेरहुल्स्टचं १८३८ चं समीकरण सगळ्यांच्या ओळखीचं, समजावून सांगायला सोपं. रॉबर्ट मे यांनी १९७६ मध्ये त्याच्या टप्प्याटप्प्याच्या रूपासारख्या साध्या समीकरणांतून केवढा गोंधळ (केऑस) निघतो ते दाखवलं. ते शिकवताना अजूनही मजा येते.

पण धारणक्षमता (परिसर जास्तीत जास्त पोसू शकेल ती संख्या) १०० आणि वाढीचा दर २.५ धरा. कमी संख्येपासून निघालात तर आकडा १२३ च्या आतच खेळतो, म्हणून खोट दिसत नाही. एखाद्या वर्षी बाहेरच्या धक्क्याने तो १५० झाला, की पुढच्या वर्षी उत्तर येतं उणे ३७.५. त्याच्या पुढच्या वर्षी उणे १६६! मी मुकाट्याने ‘शून्याखाली गेलं तर शून्य धर’ अशी ओळ घातली. मग हवामानाचे चढउतार म्हणून यादृच्छिक धक्के दिले, तर प्रजाती पटापट नामशेष होऊ लागली. दोन दिवस मी त्याचा जीवशास्त्रीय अर्थ लावत बसलो होतो. मारेकरी निघाली माझीच ती ओळ.

रिकरमध्ये त्याच १५० वरून पुढच्या वर्षी ४३ येतात. घसरण जबर, पण संख्या उणे होणं शक्यच नाही. शिवाय दोन वर्षांच्या संख्यांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम संख्येसमोर मांडला की सरळ रेषा मिळते. तेवढ्यावर दर आणि धारणक्षमता दोन्ही निघतात. मोजणीच कच्ची असेल तर मात्र जपून. यंदाचा आकडा दोन्ही बाजूंना येत असल्याने गर्दीचा परिणाम उगाच ठळक दिसतो.

बेव्हर्टन-होल्ट फारच शहाणं. संख्या थोडी असतानाची वाढ रिकरइतकीच धरली, तर १५० वरून ते थेट १०३ वर येऊन बसतं. गंमत म्हणजे, सलग लॉजिस्टिकवर (टप्पे न पाडता क्षणोक्षणी चालणाऱ्या मूळ रूपावर) वर्षातून एकदा नजर टाकली तर नेमकं हेच समीकरण दिसतं. जागा धरून राहणाऱ्या प्राण्यांत, म्हणजे जागा मिळाली तो तरला आणि बाकीचे बाहेर, असं असेल तिथे मीही हेच घेईन. अन्न सगळ्यांत वाटलं जाऊन सगळेच अर्धपोटी राहत असतील, किंवा मोठे मासे आपलीच पिल्लं खात असतील, तर माझा कल रिकरकडे.

संख्या अगदी विरळ झाल्यावर जोडीदारच मिळेनासा होतो, तो ॲली परिणाम मात्र तिन्हींत नाही. दुर्मिळ प्रजातीसाठी तो वेगळा घालावा लागेल, आणि माझ्या अनुभवात रिकरच्या सूत्राला आणखी एक गुणक जोडणं सर्वांत कमी त्रासाचं ठरलं.