कोंबडीच्या भ्रूणातला संकेत: मणी की इलेक्ट्रोपोरेशन?

एफजीएफसारखा (पेशींना वाढीचा निरोप देणारं प्रथिन) संकेत वाढवायचा, तर प्रथिनात भिजवलेला मणी ठेवा किंवा विजेच्या झटक्याने, म्हणजे इलेक्ट्रोपोरेशनने, जनुक पेशींत घाला. संकेत बाहेरून पोहोचवायचा असेल तर मणीच बरा. पेशीच्या आत संकेत पुढे नेणारा दुवा तपासायला तो कामाचा नाही.

हेपॅरिनचा (प्रथिन धरून ठेवणाऱ्या पदार्थाचा) मणी प्रथिनाच्या द्रावणात तासभर भिजवून, टंगस्टनच्या बारीक सुईने पाडलेल्या चिरेत सरकवतात. पंख आणि पाय यांमधल्या कुशीत एफजीएफचा मणी ठेवला की जादा पंख किंवा पाय उगवतो, हे 1995 मध्ये दिसलं. चीर मण्याहून किंचित लहानच हवी, नाहीतर तो निसटतो. प्रथिनही हळूहळू ओसरतं.

इलेक्ट्रोपोरेशनला हात स्थिर लागतो. न्यूरल ट्यूबमध्ये (जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी) फास्ट ग्रीन हा रंग मिसळलेला डीएनए भरून साधारण 20–25 व्होल्टचे, 50 मिलिसेकंदांचे पाच झटके देतात. डीएनए ऋणभारित, म्हणून तो धन इलेक्ट्रोडकडच्याच पेशींत शिरतो. समोरची बाजू तुलनेला आयती मिळते. ही सोय फार मोलाची! मात्र व्होल्टेज चढलं की पेशी मरतात, आणि ती हानी जनुकाचाच परिणाम वाटते. म्हणून काही भ्रूणांना रिकामा प्लाझ्मिड (ते जनुक नसलेला वाहक डीएनए) द्यायलाच हवा. मण्याच्या प्रयोगात त्याच तुलनेसाठी नुसत्या बफरमध्ये, म्हणजे प्रथिन नसलेल्या द्रावणात, भिजवलेला मणी.