वापरलेली ऑडी क्यू७ (४५ टीडीआय) : घेण्याआधी काय तपासावे आणि घेतल्यावर काय मिळते

दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू७ डिसेंबर २०१५ मध्ये भारतात आली तेव्हा तिची शोरूम किंमत बहात्तर लाखांपासून पुढे होती. त्याच गाडीची २०१७ किंवा २०१८ सालची डिझेल आवृत्ती, म्हणजे ४५ टीडीआय, आज पुण्या-मुंबईत नव्या फॉर्च्युनरपेक्षा पुष्कळ कमी पैशांत मिळते आणि त्यामुळे आयुष्यभर नवी गाडी घेत आलेली माणसेही तिच्याकडे वळून पाहू लागली आहेत. त्यांनी एक गोष्ट आधीच नीट समजून घ्यावी. उतरली आहे ती गाडीची किंमत. एअर सस्पेन्शनचा (स्प्रिंगऐवजी हवेच्या पिशव्यांवर गाडी तोलणाऱ्या रचनेचा) कॉम्प्रेसर, हेडलाइटचा संच, इंजेक्टर, गिअरबॉक्सचे काम, या सगळ्यांचे दर मात्र आजही बहात्तर लाखांच्या गाडीलाच शोभतील असे आहेत. या कंपनीच्या गाड्यांची जुळणी छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे होत असली तरी महत्त्वाचे भाग बाहेरून येतात, त्यामुळे कारखाना महाराष्ट्रात असल्याचा फायदा दुरुस्तीच्या बिलात दिसत नाही.

मी ही गाडी दुसरा मालक म्हणून वापरतो आणि तिच्यावर समाधानी आहे, हे सुरुवातीलाच सांगतो. तीन लिटरचे व्ही-सिक्स डिझेल इंजिन, २४९ अश्वशक्ती आणि ६०० न्यूटन-मीटर टॉर्क हे आकडे कागदावर मोठे वाटतात. ताम्हिणी घाटात सात माणसे आणि सामान घेऊन चढताना त्यांचा खरा अर्थ कळतो, कारण गाडीला कुठेही धाप लागत नाही आणि गिअर कधी बदलला हे मागे बसलेल्यांना समजतही नाही. आधीच्या पिढीपेक्षा ही गाडी सव्वातीनशे किलोपर्यंत हलकी केली गेली आणि वळणावर तो फरक जाणवतो. आतली शांतता तर या वयाच्या गाडीत विश्वास बसू नये इतकी आहे. डिकीतले बटण दाबले की सामान चढवण्यासाठी मागची बाजू खाली येते, ही सोय घरात ज्येष्ठ माणसे असणाऱ्यांना फार उपयोगी पडते. मात्र लांबी पाच मीटरहून अधिक आणि रुंदी दोन मीटरला टेकलेली असल्यामुळे जुन्या सोसायट्यांतील पार्किंगमध्ये गाडी लावून दार पूर्ण उघडते का, हे टोकन देण्याआधी मोजून घ्यावे.

आता विश्वासार्हतेचा मुद्दा. या गाडीत सर्वांत धास्ती वाटावी असा भाग म्हणजे इंजिनची टायमिंग चेन, म्हणजे इंजिनच्या आतले भाग एका तालात फिरवणारी साखळी. चेनला बेल्टसारखी ठरावीक मुदत नसते, हे खरे. पण या व्ही-सिक्स इंजिनात ती मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे असते, आणि त्यामुळे चेन ताणली गेली किंवा तिला ताणून धरणारा टेन्शनर कमजोर झाला तर गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय किंवा इंजिन बाहेर काढल्याशिवाय तिथपर्यंत हातच पोचत नाही. सुटा भाग एकवेळ परवडतो, मजुरी परवडत नाही. चेनचे आयुष्य मुख्यतः तेलावर अवलंबून असते; तेल वेळेवर आणि योग्य प्रतीचे बदलले गेले असेल तर ती दीर्घकाळ टिकते. म्हणून गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला आदल्या दिवशीच सांगावे की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवून ते खरोखर थंड आहे याची खात्री करावी आणि मग सुरू करून पहिले काही सेकंद मागच्या बाजूने, फायरवॉलकडून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीकडून) येणारा खडखडाट आहे का ते कान देऊन ऐकावे. पोचण्याआधीच इंजिन गरम करून ठेवलेले आढळले तर त्या दिवशी व्यवहाराची बोलणी करू नयेत.

एअर सस्पेन्शन हे या गाडीचे सुख आहे आणि वय वाढले की तोच खर्चही आहे. रबरी हवेच्या पिशव्या वर्षानुवर्षांच्या उष्णतेने, धुळीने आणि खड्ड्यांनी कडक होतात, त्यांना बारीक चिरा पडतात आणि हवा हळूहळू झिरपू लागते. गाडी तरीही चालते, कारण कॉम्प्रेसर ती हवा पुन्हा भरत राहतो. पण ज्या कामासाठी तो अधूनमधून चालायला हवा ते काम तो सतत करू लागतो आणि शेवटी स्वतः जळतो. म्हणजे एका पिशवीकडे दुर्लक्ष केले की दोन वस्तूंचा खर्च पदरी पडतो. तपासणी सोपी आहे. सपाट जागेवर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगावी, चारही चाकांच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर रात्री आणि सकाळी टेपने मोजावे, आणि त्यात एखाद्या कोपऱ्यात फरक पडला तर तो खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. त्यानंतर सर्व उंचीचे मोड एकदा तरी वापरून पाहावेत आणि गाडी उठायला किती वेळ घेते, कॉम्प्रेसर किती गुरगुरतो, याकडे लक्ष द्यावे.

आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स झेडएफ या कंपनीच्या रचनेचा आहे आणि माझ्या मते तो या गाडीतील सर्वांत भरवशाचा भाग आहे. पण त्याचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही, हे जे सांगितले जाते त्यावर विसंबू नये. गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीच्या नोंदींत हे काम दिसले तर आधीचा मालक जाणकार होता असे खुशाल समजावे. दिसले नाही, तर गाडी घेतल्यावर पहिले काम हेच करावे. टायरही बारकाईने पाहावेत. क्वाट्रो प्रणालीत चारही चाके कायम इंजिनशी जोडलेली असतात, त्यामुळे दोन टायर नवे आणि दोन गुळगुळीत असा प्रकार तिला मानवत नाही. मी घेतलेल्या गाडीवर दोन वेगळ्या कंपन्यांचे टायर होते. मी चारही टायरची किंमत बोलणीत मांडली आणि विक्रेत्याने ती काहीही न बोलता मान्य केली.

रनिंगविषयी मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सर्वाधिक फसवणूक तिथे होते. मी पाहिलेल्या गाड्यांपैकी एकीच्या मीटरवर बासष्ट हजार किलोमीटर दिसत होते. आतली स्वच्छता नजरेत भरणारी होती, स्टिअरिंगचे चामडे नव्याने चढवलेले होते आणि मालक डॉक्टर असल्याचे विक्रेता दर दोन वाक्यांनी सांगत होता. माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने लॅपटॉप जोडून सर्व कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीच्या वेगवेगळ्या भागांतले छोटे संगणक, वाचायला घेतली. ऑडी ज्या फोक्सवॅगन समूहाची आहे त्याच्या गाड्यांत एखादा दोष नोंदला जातो तेव्हा तो कोणत्या किलोमीटरला आला हेही त्या नोंदीसोबत साठवले जाते. दाराच्या युनिटमध्ये एक जुनी, किरकोळ नोंद पडून होती; महत्त्वाची नसल्याने ती पुसायचे कोणाला सुचले नसावे. तिच्यापुढे किलोमीटरचा आकडा होता एक लाख बारा हजार. मीटर मागे केले होते, पण दाराला ते कोणी कळवले नव्हते. विक्रेत्याने आधी स्कॅनरला दोष दिला, मग आपल्यालाही गाडी अशीच मिळाल्याचे सांगितले. आम्ही चहा न घेता निघालो. अशा तपासणीसाठी जाणकार मेकॅनिक जे काही हजार रुपये घेतो, ते या संपूर्ण व्यवहारातील सर्वांत सत्कारणी लागलेले पैसे असतात. विक्रेता स्कॅनर लावू देत नसेल तर कारण विचारत बसू नये, दुसरी गाडी पाहावी.

याच अनुभवातून माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते बाजारातील समजुतीच्या उलट आहे. मीटर अगदी खरे असले तरीही, सात-आठ वर्षांत जेमतेम तीस हजार चाललेल्या डिझेल क्यू७ पेक्षा नव्वद हजार चाललेली आणि प्रत्येक सर्व्हिसचे बिल असलेली गाडी मी आधी निवडेन. कमी चाललेली गाडी बहुधा शहरातल्या लहान फेऱ्यांपुरती वापरलेली असते. इंजिन पुरते तापण्याआधी बंद होते, ईजीआरमध्ये (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेत) काजळी साचते, बॅटरी अर्धवट भरलेली राहते आणि रबर तर उभ्या उभ्याही म्हातारे होतच असते. शिवाय गाडी चालली नाही म्हणून वर्षाचे तेलही बदललेले नसते. ज्यांचा वापर खरोखर शहरापुरताच आहे त्यांनी २०१७ मध्ये आलेली दोन लिटर पेट्रोलची ४० टीएफएसआय ही आवृत्ती शोधावी. ती वेगात कमी पडत नाही आणि छोट्या फेऱ्या तिला डिझेलपेक्षा बऱ्या सोसतात. डिझेल क्यू७ मात्र आता जुन्या बाजारातच मिळेल, कारण एप्रिल २०२० मध्ये बीएस-सिक्स हे प्रदूषणाचे कडक निकष लागू झाल्यावर कंपनीने भारतात डिझेल बंद केले आणि २०२२ मध्ये क्यू७ परत आली ती केवळ पेट्रोलमध्ये.

छोट्या तपासण्यांना वेळ द्यावा. डॅशबोर्डमधून वर येणारा स्क्रीन अडखळत नाही ना, तिसरी रांग बटणाने पूर्ण दुमडते आणि उघडते का, एसी चारही बाजूंना सारखा थंड आहे का, हे पाहायला पंधरा मिनिटे पुरतात. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. जो भाग नेहमी गुंडाळलेला असतो त्यावर चिखलाची रेघ धुऊनही राहते. अशा गाड्यांत कितीतरी युनिट आणि वायरिंगचे जोड सीटखाली व गालिच्याखाली असतात, म्हणून पुराची शंका आली तर कितीही स्वस्त असली तरी ती गाडी सोडून द्यावी. विम्याची चालू पॉलिसीही बोलकी असते. नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पन्नास टक्के असेल तर त्या मालकाने सहसा मागची सलग पाच वर्षे दावा केलेला नसतो. शून्य असेल तर नेमके काय झाले होते ते विचारून, त्याचे कागद मागावेत.

दिल्लीची गाडी स्वस्त मिळते म्हणून अनेकांचा जीव तिच्यात अडकतो. तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून निर्बंधांचे आदेश निघत आल्यामुळे भाव पडतात हे खरे. पण तिथल्या आरटीओचे ना-हरकत पत्र (एनओसी), महाराष्ट्रात पुन्हा भरावा लागणारा रोड टॅक्स आणि नव्या पासिंगचे हेलपाटे धरले की तफावत बरीच आटते. राज्यातलीच गाडी असेल तर मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असल्यास बँकेचे पत्र व कर्जाची नोंद उतरवण्याचा फॉर्म ३५, थकलेली ई-चलने आणि विमा आपल्या नावावर करून घेणे, एवढे सांभाळले की काम होते. नो क्लेम बोनस विक्रेत्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही, म्हणून विम्याचा पहिला हप्ता अपेक्षेपेक्षा मोठा असेल.

देखभालीबाबत माझा अनुभव चांगला आहे. अधिकृत वर्कशॉपमधून बाहेर पडून स्वतःचे गॅरेज काढलेले अनेक कसलेले कारागीर पुण्यात आहेत. ते मूळ पुरवठादाराचा भाग वेगळ्या खोक्यात, बऱ्याच कमी किमतीत मिळवून देतात आणि कोणता भाग मात्र कंपनीचाच घ्यावा हेही प्रामाणिकपणे सांगतात. असा माणूस गाडी घेण्याआधी शोधावा, नंतर नव्हे. कंपनीच्या प्रमाणित जुन्या गाड्यांच्या दालनात किंमत जास्त पडते, पण वॉरंटी मिळते. ती घेताना कोणते भाग वगळले आहेत ते पान पूर्ण वाचावे आणि एअर सस्पेन्शन त्यात आहे का ते लेखी घ्यावे.

खरेदीच्या किमतीच्या वीस टक्के रक्कम वेगळी ठेवता येत असेल तरच या गाडीच्या वाटेला जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तीस लाख हेच आपले शेवटचे तीस लाख असतील तर चोवीस-पंचवीस लाखांची, आणखी एक वर्ष जुनी पण पूर्ण नोंदी असलेली क्यू७ घ्यावी आणि उरलेले पैसे बँकेत तसेच राहू द्यावेत. तेवढेही जमणार नसेल, किंवा जिथे राहतो तिथून जाणकार गॅरेज दीडशे किलोमीटर दूर असेल, तर जुनी फॉर्च्युनर पाहावी. ती इतकी शांत आणि मऊ नाही, पण तालुक्याच्या गावीही तिला हात लावणारा माणूस मिळतो.