पहिल्या क्रमांकाची हमी आणि आमच्यापर्यंत न पोहोचलेली नोटीस

नवे संकेतस्थळ सुरू होते न होते तोच, ते गूगलवर वर आणून देतो असे सांगणाऱ्यांचे ईमेल येऊ लागतात. शिलाई यंत्रांचे सुटे भाग विकण्यासाठी आम्ही काढलेल्या संकेतस्थळालाही ते आले आणि त्यांपैकी एका संस्थेशी आमचा व्यवहार ठरला. ठरावीक मुदतीत निवडक शब्दांसाठी पहिला क्रमांक, अन्यथा पैसे परत, असे त्या संस्थेने लेखी दिले होते. क्रमांक खरोखरच आला. पण ज्या शब्दांसाठी तो आला ते यंत्राच्या एका जुन्या प्रकाराचे नाव, 'घाऊक', 'ऑनलाइन', 'खात्रीशीर' अशा शब्दांची लांबलचक मोळी होती. तसे शोधणारे कोणी नसल्यामुळे तिथे स्पर्धाही नव्हती. शब्दांची निवड कोणी करायची, याबद्दल करारात मुद्दाम मौन बाळगलेले होते. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही आणि गूगलशी खास संबंध असल्याचा दावा करणाऱ्यांपासून सावध राहावे, असे गूगलच्या मार्गदर्शनातच म्हटलेले आहे. आमच्याशी बोलणाऱ्या प्रतिनिधीने हमी आणि खास संबंध हे दोन्ही एकाच ईमेलमध्ये देऊ केले होते.

दरमहा येणारा अहवाल देखणा असे. बॅकलिंकची, म्हणजे इतर संकेतस्थळांवरून आमच्याकडे येणाऱ्या दुव्यांची, संख्या वाढत होती आणि संकेतस्थळाचे वजन दाखवणाऱ्या 'डोमेन अथॉरिटी'चा आलेखही चढत होता. हा आकडा मॉझ या खासगी कंपनीने तयार केलेला आहे आणि गूगल क्रमवारी लावताना तो वापरत नाही, ही माहिती अहवालात कुठेही नव्हती. दुवे नेमके कोणत्या पानांवर आहेत असे विचारले की, ती आमची गोपनीय पद्धत आहे, असे उत्तर मिळे. प्रत्यक्षात मुदत संपलेली जुनी डोमेन, म्हणजे संकेतस्थळांची नावे, विकत घेऊन त्यांवर कसेबसे लेख चढवलेले होते, आणि विषय पर्यटनाचा असो वा दातांच्या आरोग्याचा, मजकुरात मध्येच 'शिलाई यंत्राचे सुटे भाग' हेच शब्द वापरून आमचा दुवा घातलेला होता. पैसे देऊन घेतलेला दुवा 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' अशी खूण घालून ठेवला, तर तो जाहिरात म्हणून चालतो. आमच्या एकाही दुव्यावर ती खूण नव्हती, कारण खूण घातली की क्रमवारीसाठी त्याचा उपयोग उरत नाही आणि संस्था विकत होती तो उपयोगच.

२४ एप्रिल २०१२ रोजी गूगलने क्रमवारी लावण्याच्या पद्धतीत पेंग्विन नावाचा बदल आणला तो अशाच दुव्यांविरुद्ध, आणि सप्टेंबर २०१६ पासून तो मुख्य प्रणालीचाच भाग आहे. तेव्हापासून असे दुवे बहुतेक वेळा नुसतेच निष्प्रभ केले जातात. म्हणजे पैसे जातात, पण संकेतस्थळाला थेट इजा होत नाही. माणसांनी तपासून केलेली कारवाई, म्हणजे 'मॅन्युअल ॲक्शन', मात्र वेगळी. तीत काही पाने किंवा अख्खे संकेतस्थळ खाली ढकलले जाऊ शकते, अगदी निकालांतून काढलेही जाऊ शकते, आणि त्याची सूचना सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे संकेतस्थळाच्या मालकांसाठी असलेल्या गूगलच्या साधनात, नोंदलेल्या मालकाला मिळते.

आमच्या बाबतीत तो नोंदलेला मालक संस्था होती. कामाच्या सुरुवातीलाच तांत्रिक सोय म्हणून त्यांनी सर्च कन्सोलचे खाते स्वतःच्या ईमेलवर उघडले होते. पुढे शोधातून येणारे वाचक अचानक आटले, तेव्हा 'गूगलचा नवा अपडेट आहे, सगळ्यांचेच असे झाले आहे', असे आम्हाला सांगण्यात आले. त्यानंतर थोड्याच काळात त्याच संस्थेकडून 'पेनल्टी काढून देण्याच्या' वेगळ्या सेवेचे दरपत्रक आले. अपडेटमुळे क्रमांक घसरला असेल तर काढायला पेनल्टी येते कुठून, हा प्रश्न आम्ही विचारला आणि त्याला उत्तर आले नाही. मग डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे ते नाव कोणत्या सर्व्हरकडे न्यायचे हे सांगणाऱ्या नोंदींमध्ये, एक नोंद घालून आम्ही स्वतःच्या नावे मालकी सिद्ध केली. सर्च कन्सोलमधला अहवाल उघडला, तर अनैसर्गिक दुव्यांबद्दलची कारवाई तिथे नोंदलेली होती.

दुवे कोणी घातले, याने शिक्षेत फरक पडत नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये जेसी पेनी या अमेरिकी कंपनीचे विकत घेतलेले दुवे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले, तेव्हा आपण त्यांना परवानगी दिली नव्हती असे कंपनीने सांगितले आणि सल्लागार संस्थेला काढूनही टाकले. क्रमवारीतून घसरले ते मात्र कंपनीचेच संकेतस्थळ. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर नव्या संकेतस्थळाने कोणती सवलत अपेक्षावी?

साफसफाईचा त्रास मूळ कामापेक्षा मोठा होता. दुवे काढायला सांगितले, तेव्हा प्रत्येक दुव्यामागे शुल्क मागण्यात आले. जे काढता आले नाहीत त्यांची डोमेननिहाय यादी साध्या मजकूर-फाइलमध्ये करून 'डिसअव्हाऊ' या, नको असलेले दुवे धरू नका असे गूगलला कळवण्याच्या, साधनातून द्यावी लागली आणि काय काय काढले याच्या पुराव्यासह पुनर्विचाराचा अर्ज करावा लागला. नुसती यादी जोडून भागत नाही, दुवे काढण्याचा खरा प्रयत्न दिसावा लागतो. या कारणाने आमचा अर्ज आधी परत आला. कारवाई पुढे उठली, तरी जुने स्थान परत मिळाले नाही, कारण मध्यंतरी जे थोडेफार वर चढणे झाले होते ते त्या दुव्यांच्याच जोरावर होते.

संस्थेशी करार संपल्यावरही एक काम उरले होते, आणि ते सहज नजरेतून सुटते. सर्च कन्सोलच्या 'वापरकर्ते आणि परवानग्या' या भागातून त्यांचे नाव काढले, तरी मालकी सिद्ध करण्यासाठी त्यांनी आमच्या सर्व्हरवर ठेवलेली एचटीएमएल फाइल जागेवर असेल, तर तिच्या आधारे ते पुन्हा मालक होऊ शकतात. ती फाइल, मुख्य पानातील त्यांचा पडताळणी टॅग आणि डीएनएसमधील त्यांच्या नोंदी, हे सगळे शोधून पुसावे लागते.