जोखमीचे गर्भारपण आणि नौपाड्यातील एक प्रसूतिगृह

आधीचे सिझेरियन आणि या खेपेला गर्भारपणातील मधुमेह, अशी जोखीम असूनही शक्य तितकी नैसर्गिक प्रसूती व्हावी अशी इच्छा असणाऱ्या कुटुंबांना ठाण्यातील हे छोटे प्रसूतिगृह मी मनापासून सुचवेन. माझ्या धाकट्या बहिणीचे बाळंतपण येथे झाले. डॉक्टरबाईंनी पहिल्याच भेटीत जुन्या शस्त्रक्रियेचे कागद मागवून गर्भाशयावरील छेद आडवा व खालच्या भागात असल्याची खात्री केली. जुना व्रण उकलण्याचा धोका साधारण २०० मध्ये एक असतो, म्हणून शस्त्रक्रियागृह, भूलतज्ज्ञ आणि रक्ताची सोय हाताशी असल्याशिवाय सिझेरियननंतर नैसर्गिक प्रसूतीचा प्रयत्न करूच नये, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. कोणत्या क्षणी सिझेरियनकडे वळायचे, ते आमच्यासमोर केसपेपरवर लिहिले.

बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवण्याबाबत त्यांनी तडजोड केली नाही. मात्र पोटावर ठोके टिपणाऱ्या यंत्राचे पट्टे असतानाही बहिणीला खाटेचा कठडा धरून उभे राहता येत होते आणि आमच्या आईला पूर्ण वेळ तिच्याजवळ थांबू दिले, हे मला फार मोलाचे वाटते. प्रसूतीच्या वेळी योनिमार्गाशी अकारण छेद दिला नाही, नाळ मिनिटभर थांबून कापली आणि बाळ लगेच छातीवर ठेवले. बहिणीला मधुमेह असल्याने बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर मात्र वेळच्या वेळी तपासली.

नवजात अतिदक्षता विभाग या इमारतीत नाही, ही मोठी उणीव आहे. बाळाला हलवावे लागल्यास कोठे व कसे नेणार, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे.