सवलतीतली पेनं आणि सवलतीतल्या शाया: काही महिने वापरल्यावर

माझं मत आधीच सांगून टाकतो. फाउंटन पेनावरची सवलत बहुतेक वेळा खरी असते, शाईवरची बहुतेक वेळा नुसती वाटते. लामी सफारी, पायलट मेट्रोपॉलिटन, प्लॅटिनम प्रेपी, ट्विस्बी इको आणि शाईच्या काही बाटल्या असं सगळं उतरलेल्या भावात घेतलं. गेले काही महिने रोजचं लिखाण यांच्यावरच चाललंय.

सवलतीत घ्यायला सफारीइतकं सोयीचं पेन नाही. हे मॉडेल 1980 पासून चालू आहे आणि लामी त्यात अधूनमधून खास रंग काढते. नवा रंग आला की आधीच्या रंगातला उरलेला माल कधी कधी स्वस्तात निघतो. (कधी उलटंही होतं. रंग संग्राहकांना आवडला की जुनंच पेन महाग होतं.) फरक फक्त प्लास्टिकच्या रंगाचा. निब तीच, फीड (निबखालचा, शाई पोचवणारा भाग) तेच, लिहिण्यात काडीचाही फरक नाही. दुसरं म्हणजे उरलेल्या मालात जाड निबची पेनं बरीच सापडतात, कारण रोजच्या लिखाणाला लोक एफ (बारीक) किंवा एम (मध्यम) मागतात. सफारीत याची अडचण होत नाही. निब पुढे सरकवून काढता येते, चिकटपट्टी लावून ओढली तर आणखी सोपं. लामीच्याच एएल-स्टार आणि व्हिस्टा या पेनांनाही तीच निब बसते. मी बी (जाड) निबचं पेन घेतलं, एफ निब वेगळी मागवली आणि आता दोन्ही वापरतो. बोटांच्या जागी असलेल्या त्रिकोणी खाचा मात्र आधी हातात धरून बघा. तुमची पकड तशी नसेल तर फुकट मिळालं तरी उपयोग नाही.

भाव बघताना कन्व्हर्टर (बाटलीतली शाई ओढून घेणारी छोटी नळी) धरायला विसरू नका. बऱ्याच पेनांसोबत फक्त एक कार्ट्रिज (आधीच शाई भरलेली नळी) येतं. बाटलीतली शाई भरायची तर कन्व्हर्टर वेगळा घ्यावा लागतो आणि स्वस्त पेनाच्या मानाने तो काही स्वस्त नसतो. शिवाय लामीचा कन्व्हर्टर पायलटला चालत नाही, पायलटचा प्लॅटिनमला चालत नाही. इकोत ही भानगडच नाही. शाई ओढणारा पिस्टन पेनातच असतो आणि एका वेळी दीड मिलिलिटरहून जास्त शाई मावते.

मेट्रोपॉलिटनबद्दल एवढंच की जपानी एफ ही युरोपीय एफपेक्षा बारीक असते. देवनागरीत जोडाक्षरं, वेलांट्या, रफार नीट सुटे दिसायला मला ती फार आवडली. प्रेपी यातलं सर्वांत स्वस्त, पण टोपणाच्या आत हवाबंद झाकण आहे. कित्येक आठवडे पडून राहिलेली प्रेपी पहिल्या रेघेपासून लिहिते.

एक पेन मात्र डोकेदुखी ठरलं. ‘विकलेला माल परत नाही’ अशा अटीवर, जवळपास निम्म्या भावात आलेलं. निबचे दोन दात वर-खाली होते, त्यामुळे डावीकडे जाणारी प्रत्येक रेघ कागद खरवडायची. भिंगातून बघत, नखाने हलकेच दाबत दात एका पातळीत आणल्यावर ते लिहायला लागलं. विक्रेत्याने एका निरोपालाही उत्तर दिलं नाही. तेव्हापासून परतीची सोय नसेल तर कितीही सूट असो, मी ते पेन घेत नाही.

आता शाई. साधा हिशोब करा. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये एक मिलिलिटरही मावत नाही, म्हणजे 50 मिलिलिटरची एक बाटली पन्नासपेक्षा जास्त वेळा भरायला पुरते. हाताने भरपूर लिहिणाऱ्यालाही ती सहज काही महिने जाते. मग ‘तीन घ्या, दोनचे पैसे द्या’ यात तिसरी बाटली नक्की कधी उघडायची? उघडलेली शाई वर्षानुवर्षं टिकू शकते, पण टिकेलच असं नाही. जुन्या साठ्यातून आलेल्या एका बाटलीत पृष्ठभागावर साय धरल्यासारखा पातळ थर होता आणि कुबट वास येत होता. बुरशीच ती, सरळ फेकली. अशी शाई भरली तर पेनाच्या फीडपर्यंत बुरशी पोचते. पेलिकन 4001 ब्लू-ब्लॅकसारखी लोहयुक्त शाई हवेने हळूहळू बदलते आणि तळाला गाळ धरते. ती जुनी, उघडी कधीच घेऊ नये.

भाव बाटलीचा नाही, मिलिलिटरचा बघा. आणि बाटलीही बघा. डायमीनच्या 30 मिलिलिटरच्या बाटलीचं तोंड इतकं अरुंद आहे की जाड पेन आत जातच नाही, सुईची पिचकारी लागते. पायलटच्या इरोशिझुकूच्या 50 मिलिलिटरच्या बाटलीत तळाला खळगा आहे, शेवटची शाईही त्यात गोळा होते. लामीच्या टी52 बाटलीच्या बुडाशी तर टिपकागदाची गुंडाळी असते. सूट न मिळताही या दोन्ही मी पुन्हा घेईन.

चमकीच्या शायांवर सूट दिसली तर थांबून विचार करा. चमकी तळाला बसते, दर वेळी बाटली हलवावी लागते, आणि बारीक निबमध्ये ती अडकते. माझ्याकडची एक मी फक्त सफारीच्या बी निबमध्ये भरतो आणि संपली की लगेच पेन साध्या पाण्याने, पाणी निवळ येईपर्यंत धुतो.