नोट्सची उजळणी की पुस्तक मिटून लिखाण: अकरावी-बारावीत काय निवडावे?

उच्च माध्यमिक वर्गांत गुण वाढवायचे ठरवले की पुरेशी झोप, ठरलेली वेळ आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवणे यांबद्दल फारसे दुमत होत नाही. निर्णय घ्यावा लागतो तो उजळणीच्या पद्धतीबाबत, कारण धडा एकदा समजल्यानंतर परीक्षेपर्यंतचा बहुतेक वेळ उजळणीतच जातो. एका पद्धतीत विद्यार्थी प्रत्येक धड्याच्या नीटनेटक्या नोट्स काढतो, महत्त्वाच्या ओळी अधोरेखित करतो आणि त्याच नोट्स पुन्हा पुन्हा वाचतो. दुसऱ्या पद्धतीत तो वही-पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर धडा आठवून लिहितो किंवा प्रश्न सोडवतो आणि त्यानंतरच पुस्तक उघडून ताडून पाहतो. मी अकरावीचे वर्ष पहिल्या पद्धतीने काढले आणि बारावीचे बरेचसे दुसरीने. माझा कल लपून राहणार नाही, तरी नोट्सची बाजू आधी नीट मांडणे मला न्याय्य वाटते.

नोट्स काढणे हे मुळात समजून घेण्याचे काम आहे. वर्गात सांगितलेले एक, पाठ्यपुस्तकातले दुसरे आणि संदर्भपुस्तकातले तिसरे अशी सामग्री विखुरलेली असते तेव्हा ती एका जागी आणताना धड्याचा सांगाडा हाती येतो. इतिहास, अर्थशास्त्र किंवा साहित्य यांसारख्या विषयांत, जिथे कारणांची साखळी लांब असते आणि एकाच घटनेचे अनेक अर्थ लावता येतात, तिथे हा सांगाडा फार मोलाचा ठरतो. दिवसभराच्या तासिकांनंतर डोके थकलेले असतानाही नोट्स वाचता येतात, हीसुद्धा दुर्लक्ष करण्याजोगी सोय नव्हे. ज्याची चाचणी उद्या सकाळीच आहे, त्याला आजच्या रात्रीपुरता वाचनाचाच अधिक फायदा होण्याची शक्यता आहे, आणि याला आधारही आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. त्यानंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 81 टक्के मजकूर आठवला आणि लिहिणाऱ्यांना 75 टक्के.

तरीही मी नोट्सच्या पारायणापासून दूर गेलो, त्याला कारण एकच आणि तसे पाहता साधे आहे: धडा झाला की नाही, हे वाचताना कधीच कळत नाही. पहिल्यांदा वाचला की समजला असे वाटते, दुसऱ्यांदा वाचला की पाठ झाला असे वाटते आणि तिसऱ्यांदा वाचताना ओळ संपण्याआधीच पुढचे शब्द मनात येतात. ही ओळख इतकी खात्रीशीर भासते की तिलाच आपण ज्ञान समजून चालतो. पण पान समोर असताना येणारी ओळख आणि पान नसताना येणारे उत्तर यांत मोठे अंतर असते आणि वाचन ते अंतर दाखवतच नाही. याचा मला सर्वांत जाचलेला परिणाम असा की प्रत्येक उजळणीला पूर्वीइतकाच वेळ लागत असे. कोणता भाग कच्चा आहे हे ठाऊक नसल्यामुळे सगळेच पुन्हा वाचावे लागे, आणि पक्क्या झालेल्या पानांवरही कच्च्या पानांइतकाच वेळ खर्च होई. अभ्यासाच्या टेबलावरून उठावे की अजून बसावे, याचे उत्तर वहीत कुठेच मिळत नसे.

दुसऱ्या पद्धतीत ते उत्तर कागदच देतो. जीवशास्त्रातल्या क्रेब्ज चक्राचे, म्हणजे पेशीत अन्नातून ऊर्जा मिळवून देणाऱ्या रासायनिक पायऱ्यांच्या चक्राचे, उदाहरण घेऊ. नोट्समधली आकृती कितीही वेळा पाहिली तरी ती सोपीच वाटते. कोरा कागद घेऊन ती काढायला बसले की सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटारेट इथपर्यंत पेन सहज चालते, पुढे सक्सिनिल को-एन्झाइम ए लिहिताना गती मंदावते, आणि कार्बन डायऑक्साइड नेमका कोणत्या दोन पायऱ्यांवर बाहेर पडतो किंवा एफएडीएचटू हा ऊर्जावाहक रेणू कुठे तयार होतो, या प्रश्नाशी हात थांबतो. पुस्तक उघडून पाहिले की कार्बन डायऑक्साइड आयसोसायट्रेट आणि अल्फा-कीटोग्लुटारेट या दोघांच्या पुढच्या पायऱ्यांवर बाहेर पडतो, आणि सक्सिनेटचे फ्युमारेट होताना एफएडीएचटू मिळतो, हे दिसते. आणि नेमके तेच अडलेले असल्यामुळे ते लक्षात राहते. पुढच्या वेळी संपूर्ण धडा वाचण्याची गरज उरत नाही, फक्त थांबलेल्या जागा पाहाव्या लागतात. माझ्या अनुभवात प्रत्येक फेरी आधीच्यापेक्षा आखूड होत गेली. अभ्यासाचा भार खरोखर कमी होतो आहे, हे प्रथमच जाणवले ते तेव्हा.

वर सांगितलेल्या प्रयोगाचा उत्तरार्ध इथे महत्त्वाचा ठरतो. दोन दिवसांनी परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटले होते आणि एका आठवड्यानंतर पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के मजकूर आठवला. शालेय परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, ती काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी होते. म्हणून निवड करताना दुसरा आकडा अधिक विचारात घ्यावा असे मला वाटते. मानसशास्त्रज्ञ डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींचा आढावा घेतला. त्यांनी स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने विभागणे या दोहोंना सर्वाधिक उपयुक्त ठरवले, तर अधोरेखन, सारांशलेखन आणि पुनर्वाचन यांना कमी उपयुक्त गटात टाकले. सारांश चांगला लिहिण्याचे कौशल्य असेल तर तो उपयोगी पडू शकतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. त्यामुळे ज्यांच्या नोट्स खरोखर विचारपूर्वक काढलेल्या असतात, त्यांच्यावर हा निकाल सरसकट लादणे योग्य होणार नाही.

आठवून लिहिणे म्हणजे घोकंपट्टीच, असा एक आक्षेप घेतला जातो. तो मला पटत नाही. कार्पिक आणि ब्लंट यांच्या 2011 मधील अभ्यासात पुस्तक समोर ठेवून संकल्पना-नकाशा, म्हणजे कल्पनांमधले संबंध रेषांनी जोडून दाखवणारी आकृती, काढणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणारे सरस ठरले, आणि हा फरक मजकुरातल्या थेट प्रश्नांपुरता नव्हता, तर निष्कर्ष काढायला लावणाऱ्या प्रश्नांतही दिसला. गणितात तर हे अधिकच स्पष्ट होते. सोडवलेले उदाहरण वाचताना प्रत्येक पायरी स्वाभाविक वाटते, कारण पुढची पायरी कोणती हे ठरवण्याचे काम दुसऱ्याने आधीच केलेले असते. संकलनात (इंटिग्रेशन) एक्स आणि ई-च्या एक्स-घाताचा गुणाकार असेल तर खंडशः, म्हणजे गुणाकाराचे दोन भाग पाडून, संकलन करावे लागते, आणि घातात एक्सचा वर्ग आला की आदेशनाने, म्हणजे चल बदलून, दोन ओळींत काम होते. दोन्ही उदाहरणे दिसायला सख्खी भावंडे. प्रकरणाच्या शीर्षकाखालीच ती सोडवली तर शीर्षकच पद्धत सांगून टाकते. परीक्षेत शीर्षक नसते. म्हणून वेगवेगळ्या प्रकरणांतली उदाहरणे मिसळून, उत्तर झाकून सोडवण्याला मी फार महत्त्व देतो.

या पद्धतीचा त्रास मात्र खरा आहे आणि तो लपवणे बरोबर नाही. सुरुवातीला कागद कोरा राहतो आणि मन खचते. तासभर बसूनही अर्धेच पान भरले की आपल्याला काहीच येत नाही असे वाटू लागते. वाचनात मिळणारे समाधान इथे मुळीच मिळत नाही. शिवाय लिहिलेले तपासले नाही तर चुकीचे उत्तरच मनात घट्ट बसण्याचा धोका असतो, त्यामुळे ताडून पाहण्याचा वेळ वेगळा धरावाच लागतो. जो धडा मुळात समजलेलाच नाही, तो आठवून लिहिण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे; तिथे आधी शिक्षकांना किंवा जाणकार मित्राला विचारणे आणि शांतपणे वाचणे हाच मार्ग आहे.

हे सगळे पाहता ज्याचा पाया कच्चा आहे, ज्याचे अनेक धडे अजून पहिल्यांदाच वाचायचे आहेत, त्याने नोट्सपासून सुरुवात करायला हरकत नाही. ज्याचे वाचन होऊनही चाचणीत गुण अडतात, घरी येते आणि पेपरात सुचत नाही अशी ज्याची तक्रार आहे, त्याने दुसरी पद्धत किमान एका विषयापुरती तरी करून पाहावी. माझे गुण बारावीत वाढले, पण त्याचे सगळे श्रेय पद्धतीला देता येणार नाही, कारण त्या वर्षी अभ्यासाचे गांभीर्यही वाढले होते. मात्र उजळणीचा वेळ घटला तो या पद्धतीमुळेच, याबद्दल मला शंका नाही.

काढलेल्या नोट्स टाकून देण्याचीही गरज नाही. वहीच्या डाव्या समासात प्रत्येक परिच्छेदासमोर एक प्रश्न लिहावा, उजवी बाजू कागदाने झाकावी आणि उत्तर तोंडी न देता लिहूनच द्यावे, कारण तोंडी उत्तरात अर्धवट वाक्येही पूर्ण वाटतात. ज्या प्रश्नांशी पेन थांबले त्यांच्यापुढे खूण करावी, दोन-तीन दिवसांनी आधी तेच प्रश्न घ्यावेत, आणि सलग दोन वेळा बरोबर आलेला प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकलावा. पहिल्या आठवड्यात खुणाच खुणा दिसतील. त्या दिसू लागल्या म्हणून पुन्हा वाचनाकडे वळू नये, एवढी एकच विनंती आहे.