‘फिशिंग स्पेशल’ चेस्ट माउंटच्या नावाखाली झालेली फसवणूक

छातीवर अ‍ॅक्शन कॅमेरा बांधून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणारे आता रत्नागिरीपासून मालवणपर्यंत जागोजागी दिसतात. त्यांच्यापैकी कुणाला ना कुणाला एक जाहिरात दिसणारच आहे. निळ्या कयाकमध्ये बसलेला एक परदेशी माणूस, छातीवर काळा हार्नेस (कॅमेरा बांधायचे पट्टे), हातात वाकलेला रॉड आणि खाली ‘खास फिशिंगसाठी’ असं लिहिलेलं. त्याच हार्नेसपायी माझा कॅमेरा भाट्याच्या खाडीत गेला. नंतर पैसे परत देतो म्हणून माझ्या खात्यावर हात मारायचाही प्रयत्न झाला. दोन्ही प्रकार सविस्तर सांगतो, कारण जाहिरात अजून चालू आहे. फक्त दुकानाचं नाव बदललंय.

आधी हे सांगायला हवं की गरवणाऱ्याला चेस्ट माउंटच, म्हणजे छातीवर कॅमेरा बसवायचा हार्नेसच, का लागतो. कॅमेरा डोक्यावर लावला की मान वळेल तसं चित्र हलतं आणि बघणाऱ्याला गरगरतं. रॉडला लावला तर लाटेचं पाणी आणि रीळाची थरथर, याखेरीज काही दिसत नाही. छातीवर मात्र दोन्ही हात, रीळ आणि समोरचं पाणी एकाच चौकटीत येतं. मासा कसा खेळवला, सूत कधी सैल सोडलं, हे नंतर नीट बघता येतं. माझे बाबा चाळीसेक वर्षं खाडीत गरवतात. त्यांचे हात कसे चालतात ते टिपून ठेवावं, एवढ्यासाठीच मी हे सगळं घेतलं होतं.

जाहिरातीतलं वर्णन तोंडात बोट घालायला लावणारं होतं. अ‍ॅल्युमिनियमचं बक्कल (कॅमेरा हार्नेसला अडकवणारा खटका), त्याला लॉक, स्टेनलेस स्टीलचा स्क्रू, पाण्यात पडला तर कॅमेऱ्यासकट तरंगणारा फोम, आणि वर ‘60 मीटर वॉटरप्रूफ’. मूळ किंमत 4,999 रुपये खोडून 1,899. बाजूला उलटं चालणारं घड्याळ आणि ‘फक्त 7 शिल्लक’. खाली कौतुकाचा वर्षाव. सगळे अभिप्राय पाच ताऱ्यांचे, आणि एकातही कॅमेऱ्याचं मॉडेल किंवा गावाचं नाव नाही. घरपोच पैसे द्यायचे तर दीडशे रुपये जास्त, आधी भरले तर सूट. या सवलतीमागचा डाव असा की पार्सल उघडायच्या आधीच पैसे त्यांच्या खिशात जावेत.

त्या ‘60 मीटर’चा उलगडा मला नंतर झाला. पट्ट्याच्या हार्नेसला वॉटरप्रूफपणाचा आकडा असण्यात काही अर्थच नाही, पट्टा भिजला तरी बिघडायचं काय? 60 मीटर ही गोप्रो या कॅमेरा कंपनीच्या वेगळ्या मिळणाऱ्या डायव्हिंग केसची मर्यादा आहे. नुसता कॅमेरा 10 मीटरपर्यंतच चालतो, डीजेआयचा ऑस्मो अ‍ॅक्शन 4 केसशिवाय 18 मीटरपर्यंत. म्हणजे विकणाऱ्याने भलत्याच वस्तूच्या पानावरचा मजकूर उचलून इथे चिकटवला होता. असं विसंगत वर्णन दिसलं की तिथेच थांबावं. ज्याने ती वस्तू कधी हातात घेतलेली नाही, तोच असं लिहू शकतो.

पार्सल आलं तेव्हा वस्तू वाईट वाटली नाही, आणि खरी मेख तिथेच होती. खोका जाडजूड, त्यावर नावाजलेल्या कंपनीच्या चिन्हाशी मिळतंजुळतं चिन्ह. बक्कल चंदेरी आणि हाताला जड. पट्टे रुंद, पाठीवर उशीसारखं पॅडिंग. मात्र खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, कमाल किरकोळ किंमत नाही, कुठल्या देशात बनवलं तेही नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालावर हे सगळं छापणं वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या नियमांनी बंधनकारक आहे. पार्सलवरच्या चिठ्ठीत पाठवणाऱ्याचं नाव वेगळंच होतं, आणि पत्ता म्हणजे नुसता एका औद्योगिक वसाहतीचा पिनकोड. मी त्याच दिवशी बिल मागितलं. ‘मेल पे आ जाएगा सर’ असं उत्तर आलं. बिल आजतागायत आलेलं नाही.

घडलं ते असं. उधाणाचे दिवस होते, सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पाण्याला चांगली ओढ होती. बाबा आणि मी खडपावर, म्हणजे काठच्या खडकांवर, उभे होतो. बाबांच्या गळाला तांबोसा लागला. हा मासा लागल्या लागल्या कपारीत शिरायला बघतो, म्हणून त्याला पहिल्या झटक्यातच बाहेर खेचावं लागतं. मी हातजाळं घेऊन खाली वाकलो. छातीशी ‘टक’ असा आवाज झाला आणि कॅमेरा माझ्या गुडघ्याला आपटून सरळ पाण्यात गेला. बक्कलच्या दोन जिभांपैकी एक मुळातून तुटली होती. सुरक्षा दोरी होती, पण तिचं दुसरं टोक त्याच बक्कलच्या कडीत ओवलेलं होतं. त्यांच्या माहितीपत्रकात तशीच जोडायची म्हणून चित्र काढलेलं होतं. कडी आणि जीभ एकाच तुकड्यात ओतलेली, त्यामुळे जीभ गेली तशी कडीही गेली. तरंगणं तर दूरच. माझ्या गोप्रो हीरो 12 चं वजन 154 ग्रॅम, तो दगडासारखा तळाला जातो. पाणी ओसरल्यावर आम्ही पुन्हा शोधायला उतरलो, पण त्या ओढीत तो कुठच्या कुठे गेला असणार. कार्डात बाबांचं पाग (फेकायचं जाळं) टाकतानाचं चित्रीकरण होतं. ते अजून उतरवून घेतलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा मला ते जास्त लागलं.

घरी येऊन हार्नेस उलगडून पाहिला. तुटलेल्या जागी प्लास्टिक काळं होतं आणि वर चंदेरी रंगाचा पातळ थर. नखाने खरवडला तर पापुद्रे निघत होते. बक्कल जड लागावं म्हणून मागच्या बाजूला लोखंडी पट्टी बसवली होती, तिचा कशालाच आधार नव्हता. ‘स्टेनलेस’ स्क्रूच्या आट्यांत तांबूस गंज दिसत होता. फ्रीजवरचं चुंबक लावलं, ते घट्ट चिकटलं. पाठीचं पॅडिंग कात्रीने उघडलं तर आत अंघोळीचा असतो तसला स्पंज, खाऱ्या पाण्याने चिंब. तरंगायचं सोडाच, तो पाणी शोषून आणखी खाली ओढणार. हे कुणा कारागिराचं चुकलेलं काम नव्हे. फोटोत आणि पहिल्यांदा हातात घेतल्यावर माणूस फसावा एवढाच विचार करून ती वस्तू बनवली होती. चुंबकाला आणि कात्रीला ती एक क्षणही टिकली नाही.

दुकानाच्या नंबरवर फोन केला तर बंद. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन दिवस ‘टीम चेक कर रही है’ असं चाललं, मग नंबरच ब्लॉक झाला. त्यानंतर दुसऱ्याच नंबरवरून एक गृहस्थ बोलले. माझं नाव, ऑर्डरची तारीख, रक्कम, सगळं त्यांना तोंडपाठ. ‘सर, आपका रिफंड अप्रूव्ह हो गया है, बस पाच रुपये का रजिस्ट्रेशन करना है.’ त्यांनी एक एपीके फाइल (उघडली की मोबाइलमध्ये परस्पर अ‍ॅप बसवणारी) पाठवली आणि ती मोबाइलमध्ये टाकून तीत कार्डचा नंबर आणि यूपीआय पिन भरायला सांगितलं. मी फाइल उघडली नाही. पैसे घ्यायला पिन कशाला लागतो, असं विचारलं, तर आवाज चढला: ‘फिर कॅमेरे का पैसा भूल जाइए.’ फोन मीच ठेवला. सगळ्यांत धोक्याचा टप्पा हाच, असं माझं ठाम मत आहे. पहिल्या फसवणुकीत एकोणीसशे रुपये जातात, दुसरीत खातंच साफ होतं. आपण आधीच चिडलेले असतो, आणि समोरच्याकडे आपल्या ऑर्डरची माहिती असते, म्हणून तो खरा वाटतो. यूपीआय पिन पैसे पाठवायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. कुठलंही दुकान एपीके फाइल पाठवून पैसे परत करत नाही.

अशा फोननंतर खात्यातून रक्कम गेलीच असेल, तर एक मिनिटही न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन लावा आणि त्याच वेळी बँकेलाही कळवा. रक्कम पुढच्या खात्यात असतानाच गोठवता येते, तिथून ती काढून घेतली की हात चोळत बसावं लागतं. व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा, पहिला प्रश्न तोच येतो.

माझ्या बाबतीत उपयोगी पडला तो बँकेचा विवाद अर्ज. पैसे डेबिट कार्डाने भरले होते. वर्णनाप्रमाणे वस्तू मिळाली नाही, या कारणाखाली कार्डाचा व्यवहार आव्हानित करता येतो. शाखेत पहिल्यांदा ‘तुम्हीच पैसे भरले ना, मग?’ असं ऐकावं लागलं. मी लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. सोबत जाहिरातीचे स्क्रीनशॉट जोडले, ‘अ‍ॅल्युमिनियम’ हा शब्द लाल वर्तुळात, आणि शेजारी पापुद्रे निघालेल्या बक्कलचा फोटो. यथावकाश 1,899 रुपये खात्यात परत आले. कॅमेरा अर्थातच नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 वरही तक्रार नोंदवली. बोलणाऱ्या ताईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पण विक्रेत्याचा पूर्ण पत्ता मागितल्यावर मी अडकलो. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार ऑनलाइन विकणाऱ्याने आपलं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव दाखवायलाच हवं. त्या अधिकाऱ्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात ती निकाली काढायची, असा दंडक आहे. या साइटवर ‘संपर्क’ म्हणून फक्त एक फॉर्म होता. पत्ता असता तर ग्राहक आयोगात जाणं अवघड नव्हतं. 2019 च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. पण नोटीस पाठवायची कुणाला? त्यामुळे पैसे भरण्याआधी साइटच्या तळाशी जाऊन नाव-पत्ता शोधा. नसेल, तर त्या दुकानाकडून साधी पिशवीही घेऊ नका.

आता माउंटबद्दल. बक्कल हाच सगळ्या माउंटचा जीव आहे. चांगल्या प्लास्टिकचं बक्कल वाईट नसतं, बहुतेक नामांकित माउंटही प्लास्टिकचेच असतात. त्यामुळे ‘मेटल’ या शब्दाला भुलू नये. दोन्ही जिभा बोटांनी दाबून पाहा. त्या लवचीकपणे वाकून लगेच जागेवर आल्या पाहिजेत, मुळाशी पांढुरकी रेघ उमटता कामा नये. लाटांत वापरायचं तर दोन जिभांच्या मध्ये बसणारा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा छोटा रबरी तुकडा मिळतो. तो घातला की जिभा आपोआप दाबल्या जात नाहीत. किंमत मामुली, काम लाखाचं.

चुंबकावर बसणारे माउंट हल्ली खूप दिसतात. डोंगर चढताना, सायकलवर ते सोयीचे. पण खडपावर अंगावर लाट आली किंवा रॉडचा दांडा छातीला घासला, तर नुसत्या चुंबकावर भरवसा ठेवू नये. ज्यात चुंबकासोबत खटका बसतो तेच घ्यावे.

आणि दोरी. ती माउंटला बांधूच नका. एक टोक कॅमेऱ्याच्या फ्रेमला, दुसरं थेट लाइफ जॅकेटच्या कडीला किंवा आपल्या कमरेच्या पट्ट्याला. माउंटचा कुठलाही तुकडा तुटला तरी कॅमेरा लोंबकळत राहिला पाहिजे. होडीत किंवा कयाकमध्ये जाताना आधी लाइफ जॅकेट, त्यावर हार्नेस. हार्नेस आत आणि जॅकेट वर घातलं तर कॅमेऱ्यासाठी जॅकेट उघडं ठेवायचा मोह होतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. हार्नेसचे पट्टे एका हाताने सुटतात ना, तेही काठावरच करून पाहावं.

तरंगण्याचा दावा असेल तर घरीच बादलीत पाणी घ्या. कॅमेऱ्याच्याच आकाराच्या डबीत कॅमेऱ्याएवढं वजन भरून ती घट्ट बंद करा, माउंटला अडकवा आणि तासभर सोडून द्या. बंद पेशींचा, म्हणजे पाणी आत न घेणारा, फोम असेल तर तासाभरानेही वरच राहील, स्पंज असेल तर तळ गाठेल. हे सगळं वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत करा. पार्सल उघडताना चिठ्ठीपासून शेवटच्या स्क्रूपर्यंत सलग चित्रीकरण करा. माझ्या अर्जात शाखाधिकाऱ्यांनी सर्वांत आधी तेच मागितलं होतं.

परवा तीच निळी कयाक पुन्हा दिसली. या वेळी दुकानाचं नाव दुसरं, किंमत 1,599, आणि ‘फक्त 7 शिल्लक’ तसेच. मी ती जाहिरात फसवी म्हणून कळवली आहे. तुम्हालाही दिसली तर कळवा. आणि कुणी तो हार्नेस आधीच घेतला असेल, तर पुढच्या उधाणाआधी त्याच्या स्क्रूला चुंबक लावून बघा, आणि दोरी आजच सोडवून जॅकेटला बांधा.